ब्लँकेटं वाटून झाली, आता पुढे काय?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून मंडळीचे सेक्रेटरी लिहितात:

"आमची मंडळी ८५ कुटुंबांची. रविवारी उपासनेला दीडशेच्या आसपास माणसं असतात. चर्चशेजारी मिशनच्या काळातला हॉल आहे, तो आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असतो. समाजासाठी काही करावं म्हणून गेल्या दोन वर्षांत आम्ही नाताळला २०० ब्लँकेटं वाटली, एक आरोग्य शिबिर घेतलं, एकदा झाडं लावली. फोटो छान आले. पण चर्चमागच्या वस्तीत काहीच बदललं नाही आणि आमचा तरुण संघही आता कंटाळलाय. शिबिराच्या दिवशी चार पोरं येऊन 'इथं नक्की काय चाललंय' असं विचारून गेली. तेव्हापासून मंडळीतले काही वडीलधारे म्हणतात, आपण आपली उपासना करावी आणि गप्प बसावं. कापणीच्या सणाचे साठ हजार रुपये शिल्लक आहेत. पाळकसाहेब म्हणतात, काहीतरी भरीव करा. भरीव म्हणजे काय, आणि सुरुवात कुठून करायची? अमेरिकेतले एक नातेवाईक त्यांच्या चर्चकडून मदत मिळवून देतो म्हणतात, ती घ्यावी का?"

जय ख्रिस्त, सेक्रेटरीसाहेब.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात छोटं आहे, म्हणून ते आधी: घेऊ नका. तुमच्या मंडळीची, किंवा ती ज्या ट्रस्टखाली येते त्या ट्रस्टची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी चर्चचा एक डॉलरही घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने पैसे घेऊन तुमच्याकडे वळते करणंही बंद झालंय. "नातेवाइकांच्या खात्यावर मागवू, ते रोख आणून देतील" असं कोणी सुचवलं तर तो विषय तिथंच थांबवा. नातेवाईक अजून भारतीय पासपोर्टवर असतील आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असतील तर ती देणगी परकीय धरली जात नाही. अमेरिकन नागरिक झाले असतील तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असूनही ती परकीयच. आणि खरं सांगायचं तर तुम्हाला त्या पैशांची गरज नाही. पहिल्या वर्षाला साठ हजार पुरून उरतात, हिशेब पुढे दिलाय.

आता ब्लँकेटांचं. ती वाईट नव्हती, पण काय द्यायचं, कोणाला द्यायचं, कधी द्यायचं हे सगळं तुम्हीच ठरवलंत. घेणाऱ्याकडे रांगेत उभं राहण्यापलीकडे काही काम उरलं नाही. शिबिराचंही तेच. शिबिरात कोणाचं बीपी १७० निघालं असेल तर त्याला दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या असतील. अकराव्या दिवशी काय? बीपीची गोळी रोज आणि बहुधा आयुष्यभर घ्यायची असते. बीपी-शुगर निघालेल्यांची यादी त्याच संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दिली असती, आशाताईंना बरोबर घेऊन त्या लोकांना पुढच्या आठवड्यात तिथं नेलं असतं, तर सरकारी गोळ्या मोफत सुरू झाल्या असत्या. कामाचा भाग तो होता आणि नेमका तोच राहिला. वस्तूवाटप किंवा एक दिवसाचं शिबिर पुन्हा घ्यायचंच असेल तर "दुसऱ्या दिवशी यांचं कोण बघणार" याचं नाव ठरल्याशिवाय तारीख काढू नका.

तुमच्याच जिल्ह्यात याची दोन मोठी उदाहरणं आहेत आणि मंडळीतल्या तरुणांना ती माहीत नसतील तर सांगा. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले ते डॉक्टर म्हणून. पण लोकांना आधी अन्न आणि पाणी हवं होतं, दवाखाना नंतर. त्यांनी कामाचा क्रम लोकांच्या गरजेप्रमाणे लावला. पुढे आरोग्याचं काम गावातल्याच बायकांच्या हाती दिलं. त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी बाळंतपण, जुलाब, लसीकरण त्यांनी सांभाळलं. १९७९ मध्ये या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसरं उदाहरण फादर हर्मन बाखर यांच्या पाणलोटाच्या कामाचं. त्यात गावाला आधी श्रमदान करावं लागे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी लागे. ज्या गावाला हे जमत नसे तिथं काम उभं राहत नसे, कारण बंधारा बांधून झाल्यावर तो राखायला गावच असतं. ही कामं ख्रिस्ती माणसांनी सुरू केली, पण ती ख्रिस्ती लोकांपुरती कधीच नव्हती. आणि दोन्हीकडे सुरुवात वाटपाने झाली नाही.

म्हणून पहिलं काम विचारण्याचं. त्याला तीन शनिवार द्या. एक पुरुष आणि एक बाई अशा पाच जोड्या करा. चर्चपासून पाच-सात मिनिटं चालण्याच्या अंतरातली साठ घरं धरा, म्हणजे जोडीला बारा घरं, एका शनिवारी चार. घरं सगळ्या समाजांची हवीत, आपल्या लोकांची वगळली तरी चालतील. हातात छापील फॉर्म नेऊ नका. फॉर्म दिसला की लोकांना वाटतं रेशनकार्ड कापायला आले, किंवा घरकुल द्यायला आले. दोन्ही गैरसमज महागात पडतात. बोलून घ्या, बाहेर आल्यावर वहीत लिहा.

"तुमची काय अडचण आहे?" असं विचारू नका. त्याला उत्तर ठरलेलं असतं: घरकुल नाही, नळाला पाणी नाही. ते खरं असतं, पण तुमच्या हातातलं नसतं. नेमकं विचारा. गेल्या वर्षभरात कुठल्या कामासाठी तहसीलला किंवा बँकेत तीनपेक्षा जास्त हेलपाटे पडले? पोरं संध्याकाळी अभ्यासाला कुठे बसतात? घरात कोणाची रोजची गोळी चालू आहे, ती कुठून आणता, महिनाअखेरीला बंद पडते का? उसने किंवा व्याजाने पैसे शेवटी कशासाठी काढले? या चार प्रश्नांत घराची निम्मी हकिकत कळते. शिवाय पाच माणसांशी वेगळं बोला: आशाताई, अंगणवाडी सेविका, तलाठी, शाळेचे मुख्याध्यापक आणि मेडिकलवाला. मेडिकलवाल्याला कोणी फारसं विचारत नाही, पण दहा गोळ्यांची चिठ्ठी आणून चारच गोळ्या नेणारी घरं त्याला बरोबर माहीत असतात.

त्याच तीन आठवड्यांत मंडळीचीही मोजदाद करा. निवृत्त शिक्षक किती, नर्स किती, तहसील-पंचायत समितीत नोकरी केलेलं कोण, बँकेत कोण, संगणक कोणाला येतो. मिशनच्या शाळा-दवाखान्यांमुळे तुमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत शिक्षक आणि नर्स भरपूर आहेत. ही माणसं रविवारी बाकावर बसून घरी जातात, त्यांना कोणी काही मागितलेलंच नसतं. हॉलचे पंखे, दिवे, संडास, पिण्याचं पाणी हेही बघून घ्या. संडासाला आतून कडी नसेल तर मुली येणार नाहीत, हे आत्ताच लिहून ठेवा.

साठ घरांचं ऐकून घेतल्यावर बहुधा दोन गोष्टी पुन्हा पुन्हा निघतील, कागदपत्रं आणि पोरांचा अभ्यास. वेगळं काही निघालं तर ते करा. पण तालुक्याच्या गावात चर्चमागच्या वस्तीत हे दोन निघण्याचीच शक्यता जास्त, आणि दोन्हींतलं आधी कागदपत्रांचं घ्या असं आमचं मत आहे. खर्च कमी, निकाल तीन-चार महिन्यांत दिसतो, आणि एखाद्या आजीची पेन्शन सुरू झाली की ती बातमी फ्लेक्सशिवाय फिरते.

मदतीचं टेबल आठवड्यातून दोनदा लावा, बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी पाच ते सात. मजुरीवरून परतणाऱ्यांना दुपारची वेळ उपयोगाची नाही. एक टेबल, चार खुर्च्या, एक जाड रजिस्टर, स्टॅम्प पॅड, दारात पाण्याचा माठ. रजिस्टरला रकाने असे: क्रमांक, तारीख, नाव, फोन, काम काय, कुठला कागद कमी, पुढची पायरी, ती कोण करणार, कधीपर्यंत, आणि शेवटी "काम झालं" याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा राहिलेल्या ओळी दर महिन्याला मोठ्याने वाचा. अशा कामांत गाडी अडते ती तिथंच. अर्ज भरून दिला की आपल्याला वाटतं झालं, आणि अर्ज टपालात पडून असतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा. समजा एक विधवा बाई संजय गांधी निराधार योजनेसाठी आल्या. वय १८ ते ६५ च्या आत आहे, राज्यात पंधरा वर्षांपेक्षा जास्त राहतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. लोक आधी पळतात उत्पन्नाच्या दाखल्याकडे. तसं करू नका. आधी आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न अक्षर जुळवा. आधारवर "शांताबाई", पासबुकात "शांता", मृत्यूच्या दाखल्यात नवऱ्याचं नाव तिसऱ्याच पद्धतीने, हे नेहमीचं आहे. अर्ज परत येण्याचं ते मोठं कारण. दुरुस्ती आधारपासून सुरू करा, पण जपून: आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईत एक संधी वाया घालवली की पुढे फार त्रास. आधार झालं की बँक, मग उत्पन्नाचा दाखला, मग अर्ज. एका वर्षाचा उत्पन्न दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला दाखला महिनाभरात निकामी होतो. तशी वेळ आली तर बाकीचे कागद पुरे करा आणि दाखल्याला एप्रिलमध्ये हात घाला. ६५ च्या पुढच्यांना श्रावणबाळ योजना, अट उत्पन्नाची तीच. दोन्हींत आधीपासून पैसे मिळणाऱ्यांनी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो न दिल्याने बंद पडलेली पेन्शन तुमच्या टेबलावरची सगळ्यात सोपी केस असेल.

"मंजूर झालंय पण पैसे येत नाहीत" ही तक्रार आली तर आधी बघा आधार कुठल्या खात्याशी जोडलंय. खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते खातं जोडलेलं असणं वेगळं. सरकारी पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना उघडलं गेलेलं एखादं विसरलेलं खातं असतं, पैसे तिथं साचत असतात. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे कुठलं खातं जोडलंय ते, बघता येतं, त्याला ओटीपी लागतो. तो ओटीपी त्या माणसाने स्वतः टाकायचा, तुम्ही विचारायचाही नाही. मूळ कागद रात्रभर ठेवून घ्यायचे नाहीत. आधारचे फोटो तरुण संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत, काम झालं की फोनमधूनही काढून टाकायचे. आणि पैसे घ्यायचे नाहीत, चहाचेसुद्धा. सेतू केंद्राची सरकारी फी असेल ती ज्याची त्याने भरायची आणि पावती घ्यायची.

एक अवघड गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. आठवड्यातले दोन दिवस खुरपायला जाणारी बाईसुद्धा त्याच्या वर जाते. लोक म्हणतील, "कमी लिहा ना साहेब, सगळेच लिहितात." तुम्ही लिहू नका, साक्षीदार म्हणून सहीही करू नका. मर्यादा अन्यायाची आहे हे खरं, त्यासाठी आमदारांकडे निवेदन घेऊन जा, त्यात वस्तीतल्या लोकांच्या सह्या घ्या. पण टेबलावर एकदा खोटं उत्पन्न लिहिलं की तुमचं टेबल आणि तहसीलबाहेरचा एजंट यांत फरक राहत नाही.

टेबलाला माणसं सहा लागतात, एका वेळी दोन. म्हणजे प्रत्येकाची पाळी तीन बैठकांतून एकदा येते. दोनच उत्साही माणसांवर टाकलंत तर दिवाळीपर्यंत दोघंही आजारी पडतील किंवा एकमेकांशी बोलेनासे होतील. सहांत तीन बाया हव्यात. भगिनी मंडळाला चहा-नाश्त्यापुरतं ठेवायचं आणि टेबलावर सगळे कोट घातलेले पंच बसवायचे, असं झालं तर वस्तीतल्या बाया दारातूनच परत जातील.

जाता जाता तुमच्या स्वतःच्या लोकांसाठी. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीचे लाभ नाहीत, पण महाराष्ट्रात ते इतर मागासवर्गात येतात. त्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. मुख्य पुरावा शाळेच्या जनरल रजिस्टरचा, पण चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा नोंदवहीतला उतारा जोडीला उपयोगी पडतो. त्यात बापाचं नाव, गाव आणि कधी कधी आधीची जात लिहिलेली असते. त्या नोंदवह्या सध्या वेदीमागच्या कपाटात वाळवी खात असतील. तरुण संघाला पहिलं काम हेच द्या: पानन् पान मोबाइलवर स्कॅन करायचं, वर्षवार फाइल लावायची, दोन ठिकाणी प्रत ठेवायची, मूळ वह्या कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवायच्या. कंटाळलेल्या पोरांना भाषणापेक्षा हे बरं वाटतं.

अभ्यासिका चार महिन्यांनी सुरू करा, एकदम दोन्ही नको. आठवी ते बारावीची तीस मुलं, संध्याकाळी सहा ते साडेआठ. शिकवणी घेऊ नका. जागा, उजेड आणि शांतता एवढंच द्या, गणित-इंग्रजीला आठवड्यातून दोनदा एक निवृत्त शिक्षक पुरे. अभ्यासिका बंद पडतात त्या पैशांअभावी कमी आणि किल्लीअभावी जास्त. किल्ली असणारा माणूस लग्नाला जातो, पोरं तीनदा परत फिरतात, चौथ्यांदा येत नाहीत. किल्ल्या तीन करा, तीन घरांत ठेवा. दुसरा घात हॉलच्या बुकिंगचा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तेव्हाच कोणाचा तरी साखरपुडा. जानेवारी ते मार्च संध्याकाळी हॉल कोणालाही मिळणार नाही असा ठराव पंच कमिटीत आधीच करून घ्या, पंचांच्या भाच्यालासुद्धा नाही. नाताळच्या कॅरलची तालीम या वेळात हॉलमध्ये होणार नाही, हेही त्यातच लिहा. मुली साडेआठला घरी कशा जातात हे पहिल्याच आठवड्यात बघा. एका गल्लीतल्या मुलींचा गट करून बरोबर एक मोठी बाई द्यावी लागेल.

तुमचा भाग ऊसतोडीचा. वस्तीतली काही जोडपी दसरा-दिवाळीनंतर कोयत्यावर जातात ती मार्च-एप्रिलला परततात, आणि पोरं बरोबर जातात. अशा मुलांसाठी शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय असते. त्यासाठी मुख्याध्यापकांना सप्टेंबरमध्येच भेटा. मुकादमाची उचल घेऊन झाली, ट्रॅक्टर दारात उभा राहिला, मग धावपळ करून उपयोग नसतो.

जिथं मुलं येतात तिथं काही नियम लेखी हवेत. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, एकटं कोणी नाही. दार उघडं. कोणीही मुलाला आपल्या घरी किंवा गाडीवर एकटं नेणार नाही. आणि एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर ते पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. "मंडळीचं नाव खराब होईल, आपण पंच कमिटीत मिटवू" हे वाक्य कोणीही, कुठल्याही पदावरच्या माणसाने उच्चारलं तरी ऐकायचं नाही. आरोप पंचावर असो नाहीतर पाळकावर, नियम तोच. चाइल्डलाइन १०९८ आणि पोलीस ११२ हे नंबर हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. टेबलावर नवऱ्याची मारहाण सांगणाऱ्या बायाही येतील. त्यांना "प्रार्थना करू, सांभाळून घ्या" म्हणून परत पाठवू नका. महिला हेल्पलाइन १८१ आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. त्यांचं कार्यालय कुठे आहे ते आधीच जाऊन बघून या.

आरोग्याचं काही करायचंच असेल तर दुसऱ्या वर्षी क्षयरोग्यांना पोषण आहार द्या. २०२२ पासून सरकारच्या टीबी कार्यक्रमात निक्षय मित्र म्हणून नोंदणी करून संस्थेला रुग्ण दत्तक घेता येतात, किमान सहा महिने. मोठ्या माणसाला महिन्याला साधारण तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि किलोभर दूध पावडर किंवा शेंगदाणे, असा शिधा असतो. पाच रुग्णांपासून सुरुवात करा. पाच घेऊन सहा महिने पुरे करणं हे वीस घेऊन तिसऱ्या महिन्यात थांबण्यापेक्षा बरं, कारण क्षयाचे उपचार मध्येच सुटले तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. सरकारकडून रुग्णाच्या खात्यात दरमहा हजार रुपये येतात, ते येतात का हेही तुमच्या टेबलावर तपासता येईल. आणि चर्चमध्ये नेमकी होणारी चूक टाळा: रविवारच्या प्रार्थना विनंत्यांत रुग्णाचं नाव घेऊ नका. "आपल्या मागच्या वस्तीतल्या अमक्याला टीबी झालाय, त्याच्यासाठी प्रार्थना करा" असं म्हटलं की दुपारपर्यंत गावभर होतं आणि त्याच्या मुलीची सोयरीक मोडते. नाव न घेता प्रार्थना करा, देवाला पत्ता माहीत आहे.

कर्जाच्या प्रश्नावर एकच सांगायचंय: मंडळीच्या पैशांतून उसने देऊ नका. वसुली करणारी मंडळी आणि उपासनेची मंडळी एकत्र नांदत नाहीत. बचत गट नीट कायद्याने करा. वसईच्या कॅथलिकांनी १९१८ मध्ये पतपेढी काढली तिची पुढे मोठी सहकारी बँक झाली, पण ती पहिल्यापासून वेगळी संस्था होती, चर्चची दानपेटी नव्हती.

आता ती चार पोरं. त्यांच्यावर रागावू नका आणि घाबरूनही जाऊ नका. सेवेच्या आडून धर्मांतर होतं असा संशय आज सगळीकडे आहे, तो तुमच्या दारात येणारच. त्यावर उपाय म्हणजे सगळं उघड्यावर आणि लेखी. टेबलावर पत्रिका नाहीत, नवा करार नाही, सुरुवातीला प्रार्थना नाही, मदतीच्या पिशवीवर क्रूस नाही. हॉलच्या दाराशी पाटी: "ही मदत मोफत आहे. जात, धर्म, पक्ष विचारला जात नाही. वेळ बुधवार व शनिवार ५ ते ७." सुरू करण्याआधी नगरपंचायत, तहसीलदार आणि पोलीस ठाणे यांना कामाचं स्वरूप, वेळ आणि जबाबदार व्यक्तींची नावं लिहून पत्र द्या, पोच घ्या. देखरेखीच्या गटात ख्रिस्ती नसलेले दोघं घ्या, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक बचत गटातली बाई. तेही शोभेला नको, रजिस्टर तपासायला. त्या चार पोरांपैकी एखादा संगणकवाला असेल तर त्याला फॉर्म भरायला बोलवा. येईलच असं नाही, पण बोलवा. चर्चची ओळख मात्र लपवू नका. हॉल कोणाचा हे गावाला माहीतच आहे, लपवलंत की संशय वाढतो. एखाद्याने स्वतःहून प्रार्थनेची विनंती केली तर पाळकसाहेब त्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी भेटतील, टेबलापाशी नाही.

वडीलधारे विचारतील, "मग यात ख्रिस्ती काय राहिलं?" त्यांना लूकच्या शुभवर्तमानातला, वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी परक्याला मदत करणारा शोमरोनी आठवून द्या. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेचं बिल भरलं, वर लागेल ते परतताना देईन म्हणाला. जखमी माणसाला त्याने काही विचारल्याचं लूकने लिहिलेलं नाही.

पैशांचा हिशेब असा. टेबलाचं सामान आणि स्टेशनरी ६,०००. झेरॉक्स आणि प्रिंट महिन्याला ८०० धरून ९,६००. हॉलचे दिवे, दोन पंखे, संडासाची दुरुस्ती १४,०००. पाठ्यपुस्तकं आणि सरावसंच ८,०००. वाढलेलं वीजबिल ९,६००. अडल्या रुग्णाला नगरच्या सिव्हिलला नेण्याच्या प्रवासासाठी ७,०००. झाले ५४,२००, बाकी ५,८०० हात न लावता राखीव. ही वही मंडळीच्या वर्गणीच्या वहीपासून वेगळी, सह्या दोघांच्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक पानाचा हिशेब नोटीस बोर्डावर. हॉल ट्रस्टच्या मालकीचा असेल तर वापराचा ठराव ट्रस्टकडून लेखी घ्या. जमिनीच्या वादात अडकलेल्या मंडळीत कोणीतरी "हॉल बळकावला" म्हणणारच, तेव्हा हा कागद लागतो.

कामाचा गट पाच जणांचा, मुदत दोन वर्षं, पंच कमिटीची निवडणूक मध्ये आली तरी तो बदलायचा नाही. पाळकसाहेबांना त्याचं अध्यक्ष करू नका. पाळकांची बदली होते, आणि अध्यक्ष गेले की काम गेलं. त्यांनी महिन्यातून एकदा टेबलापाशी येऊन बसावं, एवढं पुरे.

सुरुवात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात करा. एप्रिल-मे विचारपूस, मोजदाद आणि पत्रं यांत जाईल, आणि जूनमध्ये शाळेच्या दाखल्यांसाठी लोकांना गरज असतेच. पहिले तीन आठवडे टेबलावर दोन-तीनच माणसं येतील, एखाद्या बुधवारी कोणीच येणार नाही. तरी सातपर्यंत बसायचं, आधी कुलूप लावायचं नाही. त्या रिकाम्या वेळात आशाताईंकडून ६५ च्या पुढच्यांची यादी घ्या आणि पेन्शन बंद पडलेल्यांना घरी जाऊन गाठा.